कॅथलिक थिऑलॉजीत डॉक्टरेट, ते पण फादर-सिस्टर नसताना?

नारंगीकाठ

नमस्कार मंडळी. इथं वाचत असते नेहमी, धागा पहिल्यांदाच काढायलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी वैजापूर तालुक्यातली. आमच्या गावात कॅथलिक घरं पणजोबांच्या काळापासून आहेत. चर्चमधी पेटी-टाळावर भजन, नाताळात सगळ्या वस्तीचं जेवण एकत्र, सगळं आपलं मराठवाडी. संभाजीनगरच्या विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलंय, नेट अजून निघालेली नाही, सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आता पीएच.डी. करायचीय आणि विषय पक्का आहे, हरेगावची मतमाउली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, श्रीरामपूरजवळ हरेगाव आहे, तिथं सप्टेंबरात मतमाउलीची म्हणजे मारियामातेची मोठी यात्रा भरते. आमच्या भागातून लोक टेम्पो-ट्रॅक्टर करून जातात, काही पायी जातात, आणि ख्रिस्ती नसलेली माणसं पण खूप असतात. नवस बोलतात, फेडतात. मागच्या यात्रेला माझ्या पुढं रांगेत एक बाई होती, कडेवर लेकरू, हातात मेणबत्त्यांचा पुडा, ऊन मी म्हणत होतं आणि तो पुडा उन्हानं मऊ पडून वाकला होता तर ती पदर ओला करून त्याच्यावर धरायली होती. मी विचारलं कुठून आलात, म्हणली अंबडकडून. चर्चला जाता का, तर म्हणली नाही बाई, आम्ही माउलीला येतो फक्त.

आमच्या विभागातले एक सर म्हणले हे लोकसाहित्यात बसव, गाणी गोळा कर, होऊन जाईल. होईल पण. पण मला जे विचारायचंय ते त्याच्यात येत नाही. त्या बाईचा जो विश्वास आहे त्याचं चर्चच्या शिकवणुकीत स्थान काय? चर्च तिला नुसतं शिकवतं का तिच्याकडून काही शिकतं पण? हा प्रश्न थिऑलॉजीचा, म्हणजे धर्मश्रद्धेच्या शास्त्राचा आहे असं मला वाटतं आणि तो थिऑलॉजीतच विचारावा असं मनापासून वाटतं.

आमच्या पॅरिशचे, म्हणजे गावच्या चर्चचे फादर चांगले आहेत पण ते म्हणले आमच्याकडून फादर नाहीतर सिस्टरच जातात गं तिकडं, तुझ्यासारखं कुणी गेलेलं मला तरी आठवत नाही. म्हणून इथं विचारायलेय. साधी विश्वासी बाई हे करू शकते का? मराठीच्या एम.ए.वर डायरेक्ट डॉक्टरेटला बसता येतं का? कुठं करावं? आणि घरचे विचारतात तो प्रश्न, करून पुढं काय?

---

मोंढा_नाका

विषय लई भारी आहे ताई. मला ह्यातलं काही कळत नाही पण वाचायलोय. आमच्या आत्याच्या घरचे पण जातात हरेगावला, ते हिंदूच आहेत.

---

रामवाडीचा_जुना

ताई, मी पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप ह्या कॅथलिक संस्थेत शिकलो, लायसेन्शिएट पदवीपर्यंत, सध्या एका पॅरिशमध्ये आहे. सविस्तर लिहितो कारण या बाबतीत आपल्याकडं अर्धवट माहितीवर लोक वर्षं घालवतात.

पहिली गोष्ट, बाई आहे किंवा सिस्टर नाही म्हणून कुणी अडवू शकत नाही. चर्चच्या विद्यापीठांचा जो कायदा आहे, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ला केलेला आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१७ ला ‘व्हेरिटाटिस गाउदियुम’ नावानं नव्यानं काढलेला, त्यात फॅकल्टी सगळ्यांना खुली आहे, फादर असो, सिस्टर असो, नाहीतर संसारी माणूस. चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणि आधीचं योग्य शिक्षण एवढं लागतं. आमच्या वर्गात सिस्टर होत्या, लग्न झालेली माणसं पण होती.

दुसरी गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. मराठीच्या एम.ए.वर डायरेक्ट डॉक्टरेट नाही. इथं शिडी ठरलेली आहे. आधी एस.टी.बी. म्हणजे थिऑलॉजीची बॅचलर, हे सगळं मिळून पाच वर्षांचं असतं, पण ज्यानं फिलॉसॉफी आधी रीतसर केलीय त्याला थिऑलॉजीची तीन वर्षं. मग एस.टी.एल., लायसेन्शिएट, दोन वर्षं, त्यात एक शाखा निवडायची, डॉग्मॅटिक (धर्मसिद्धांत), मॉरल (नीती), बायबल, मिशनशास्त्र वगैरे. त्यात चांगले मार्क पडले तर मग एस.टी.डी., डॉक्टरेट. तिची किमान दोन-तीन वर्षं धरा, प्रत्यक्षात जास्तच लागतात. म्हणजे तुम्ही आज सुरू केलं तर नऊ-दहा वर्षांचा मामला आहे. घाबरवायला नाही सांगत, पण घरी सांगताना हा आकडा सांगूनच बोला.

ज्ञानदीपबद्दल थोडं. मूळची ही पेपल सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी संस्था, पोप लिओ तेरावे यांनी १८९३ ला श्रीलंकेत कँडीला काढली, १९५५ ला ती पुण्याला रामवाडीला आली. आज ज्ञानदीपमध्ये फिलॉसॉफी आणि थिऑलॉजी दोन्हींत डॉक्टरेटपर्यंत शिकता येतं. बेंगळुरूला धर्माराम आहे, दिल्लीला विद्याज्योती आहे. पण वैजापूरहून पुणं म्हणजे रात्री एसटीत बसलं की सकाळी तिथं, आणि तुमचं फील्डवर्क हरेगावात, त्यामुळं मी पुणंच म्हणेन. शिकवणं सगळं इंग्रजीत चालतं मात्र, तेवढी तयारी आतापासून ठेवा.

---

गोदातीर_नांदेड

मी कॉलेजात शिकवतो, थिऑलॉजीतला नाही, पण नोकरीच्या बाजूनं सांगतो कारण ते कुणी सांगत नाही आणि मग पोरं फसतात.

एस.टी.डी. ही चर्चची पदवी आहे. सेमिनरीत, फॉर्मेशन हाऊसमध्ये, चर्चच्या संस्थांत शिकवायला ती सोन्यासारखी. पण आपल्या सीनियर कॉलेजात मराठीच्या असिस्टंट प्रोफेसरच्या जागेला ती दाखवून चालणार नाही, तिथं त्या विषयातली नेट-सेट नाहीतर युजीसीच्या नियमातली पीएच.डी. लागते. हे आधीच डोक्यात स्पष्ट ठेवा. तासिका तत्त्वावर किती काळ काढायचा हा प्रश्न आमच्या सगळ्यांच्याच मानगुटीवर आहे.

मधला रस्ता आहे. मद्रास विद्यापीठात ख्रिश्चन स्टडीजचा विभागच आहे, तिथली पीएच.डी. ही रीतसर विद्यापीठाची पीएच.डी. असते. आणि नेटमध्ये ‘कम्पॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स’ नावाचा विषय आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतो. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप निघाली तर पैशाचा प्रश्न सुटतो. पूर्वी अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद फेलोशिप होती, ती केंद्रानं २०२२-२३ पासून बंद केली, त्यामुळं तिच्या भरवशावर बसू नका. जुने लोक अजून तीच सांगतात.

---

बेथेल_जालना

नमस्कार. आम्ही जालन्याचे, प्रॉटेस्टंट. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल तुम्ही ऐकलं असेल, मी त्या परंपरेतला. वय झालंय, हळू टाइप करतो.

लेकी, एक घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो. तुला कुणीतरी बंगालमधल्या सेरामपूरचं सांगेल, किंवा पुण्यातल्या बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीचं सांगेल, जी आधी यवतमाळला होती. ह्या आमच्या बाजूच्या संस्था, डी.टी.एच. (थिऑलॉजीतली डॉक्टरेट) वगैरे पदव्या असतात, अभ्यास उत्तम असतो, पण तुझा प्रश्न जर कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीला विचारायचा आहे तर पदवी त्यांच्याच घरची घे. नाहीतर त्यांचे लोक म्हणतील बाहेरून बोलतेय.

दुसरं म्हणजे मतमाउलीवर लिहिताना माणसं कोण आहेत ते विसरू नको. हरेगावलाच १९३९ ला बाबासाहेबांनी महार वतनदारांची परिषद घेतली होती. त्याच मातीत ही यात्रा भरते. आपल्या मराठवाड्यातला ख्रिस्ती समाज बहुतेक दलित वस्त्यांतून आलेला, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदामुळं ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचा दाखला जातो, शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. हे सगळं त्या रांगेत उभं असतं. आमच्यात अरविंद निर्मल होते, बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ऐंशीच्या दशकात त्यांनी दलित थिऑलॉजीची मांडणी केली, सरळ विचारलं की भारतातली थिऑलॉजी आजवर कुणाच्या अनुभवातून लिहिली गेली. ते वाच. कॅथलिक नसले तरी वाच.

---

नारंगीकाठ

आजोबा, हरेगावच्या परिषदेचं आमच्या घरात बोललं जातं पण यात्रेशी कधी कुणी जोडून सांगितलं नव्हतं. हे प्रकरणच होऊ शकतं एक. मनापासून आभार.

@रामवाडीचा_जुना फादर, नऊ-दहा वर्षं वाचून पोटात गोळा आला खरा. पण एक विचारते, माझा जो प्रश्न आहे तो थिऑलॉजीत बसतो ना नक्की? का तिथं गेल्यावर म्हणतील हे समाजशास्त्र आहे?

---

सिस्टर_रोमहून

ताई, मी मूळची लातूरकडची, सध्या रोमला ग्रेगोरियन विद्यापीठात डॉक्टरेट करायलेय. तुमचा धागा मैत्रिणीनं पाठवला, राहवलं नाही.

बसतो का म्हणून काय विचारता, तुमचा प्रश्न आज थिऑलॉजीच्या अगदी मध्यावर आहे! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ ह्या चर्चवरच्या दस्तऐवजामध्ये, बाराव्या परिच्छेदात म्हटलंय की विश्वासणाऱ्या सगळ्या लोकांना मिळून श्रद्धेची एक जाण असते, आणि सगळी प्रजा मिळून जे एकमतानं मानते तिथं ती जाण चुकत नाही. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय थिऑलॉजिकल कमिशननं २०१४ ला स्वतंत्र दस्तऐवज काढला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘इव्हांजेली गाउदियुम’मध्ये १२२ ते १२६ हे परिच्छेद लोकांच्या भक्तीवरच लिहिलेत आणि तिथं स्पष्ट म्हटलंय की ही भक्ती म्हणजे थिऑलॉजीचा एक आधार आहे, तिच्याकडं लक्ष द्यायला पाहिजे. त्याच्या आधी पोप पॉल सहावे १९७५ ला ह्यावरच बोलून गेलेत. म्हणजे चर्च त्या अंबडच्या बाईकडून शिकतं का, ह्याला चर्चनं तत्त्व म्हणून हो म्हटलंच आहे. प्रत्यक्षात ते कसं घडतं, हरेगावात घडतं का, हे कुणी लिहिलेलं मला दिसलेलं नाही. ते तुम्ही लिहा.

पण एक अडचण तुमच्या विषयात आहे ती आत्ताच ओळखा. ती बाई बाप्तिस्मा घेतलेली नाही. ‘लुमेन जेन्सियुम’ बोलतं ते बाप्तिस्मा झालेल्यांबद्दल. मग तिच्या श्रद्धेला काय म्हणायचं? इथंच तुमचा खरा थीसिस आहे. आणि ह्यावर ताजं काहीतरी आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागानं तमिळनाडूतल्या वेलांकनीच्या मारियामातेच्या तीर्थक्षेत्राबद्दल तंजावरच्या बिशपांना पत्र पाठवलं, त्यात ख्रिस्ती नसलेले यात्रेकरू तिथं येतात, त्यांना तिथं सांत्वन मिळतं, ह्याला धर्मांची सरमिसळ म्हणू नये असं लिहिलंय. वेलांकनीला लागू होतं ते हरेगावला किती लागू होतं, तिथून सुरुवात करा.

अभ्यासाचं म्हणाल तर भाषा लई घाम काढतात. बायबलचं काम असेल तर हिब्रू-ग्रीक, जुने दस्तऐवज वाचायचे तर लॅटिन, रोमला आलात तर वर्ग इटालियनमध्ये. पहिल्या वर्षी मी जेवताना, भांडी घासताना इटालियन क्रियापदं म्हणत असायची. आता ग्रेगोरियनमध्ये २०२४ पासून बायबल इन्स्टिट्यूट आणि ओरिएंटल इन्स्टिट्यूट पण सामावल्यात, त्यामुळं लायब्ररी म्हणजे समुद्र. १५५१ ला संत इग्नेशियसनी सुरू केलेली संस्था आहे ही.

डिफेन्स, म्हणजे थीसिसची तोंडी परीक्षा, ते पण सांगते, कारण सगळ्यांना त्याचीच भीती असते. तो उघड असतो, कुणीही येऊन बसू शकतं. एका टेबलामागं अध्यक्ष, तुमचे मार्गदर्शक आणि दुसरे वाचक. तुम्ही समोर. आधी वीसेक मिनिटं तुम्ही मांडायचं, मग एकेक जण विचारतो. माझ्या एका मैत्रिणीला दुसऱ्या वाचकानं तळटीप काढून विचारलं होतं की ह्या वाक्याचा मूळ संदर्भ तुम्ही स्वतः पाहिलाय का दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलाय. तिनं मूळ पाहिलेला होता, पान सांगितलं, हॉलमधी मागं बसलेल्या सिस्टरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तर अध्यक्षांनी हात करून थांबवलं. आणि पास झालं म्हणजे लगेच डॉक्टर नाही, थीसिस किंवा त्यातला मुख्य भाग छापून जमा केला की मगच पदवी हातात.

---

कन्नडचा_पाटील

विरोध म्हणून नाही, पण एक शंका मांडतो. ज्या देवीवर आपली स्वतःची श्रद्धा आहे तिच्यावर संशोधन कसं करणार? त्यात निःपक्षपातीपणा कसा राहणार? मराठी विभागात केलं तर निदान बाहेरून बघता येईल.

---

रामवाडीचा_जुना

@पाटील साहेब, शंका योग्य आहे. पहिलं, मारिया आमच्याकडं देवी नाही, येशूची आई म्हणून तिला मान आहे, आणि यात्रेत येणारा माणूस तिला कशी बघतो हा ताईंच्या अभ्यासाचाच भाग आहे. दुसरं, थिऑलॉजी ही श्रद्धा बाजूला ठेवून करायची गोष्टच नाही. अकराव्या शतकात संत अँसेल्म यांनी थिऑलॉजीची व्याख्याच तशी केली, श्रद्धा जी समज शोधते ती. पण म्हणून काहीही लिहून चालतं असं नाही. पुरावा तसाच लागतो, मूळ दस्तऐवज वाचावे लागतात, विरोधी मत आहे ते पूर्ण ताकदीनं मांडून मग उत्तर द्यावं लागतं. संत थॉमस अक्वायनस यांची पद्धत तीच, आधी आक्षेप, मग उत्तर. गाइड कडक मिळाला तर विद्यापीठापेक्षा जास्त घासून घेतात.

@नारंगीकाठ, सिस्टरांनी जे सांगितलं ते सोनं आहे. फक्त फील्डवर्कसाठी लक्षात ठेवा, तुमचं गाव औरंगाबाद धर्मप्रांतात, हरेगाव नाशिक धर्मप्रांतात. म्हणजे शिफारस तुमच्या बिशपांची आणि तिथल्या जुन्या वह्या, नोंदी बघायची परवानगी त्यांच्या बिशपांची. दोन्हीकडं आधी पत्र द्या.

---

गोदातीर_नांदेड

सिस्टरांचं वाचून माझं मत थोडं बदललं. हा प्रश्न मराठी विभागात विचारला तर गाइड म्हणेल बाप्तिस्म्याचं प्रकरण काढून टाका. तरी पोटाचं बघावंच लागतं म्हणून सुचवतो, तासिका सोडू नका लगेच. नेट साधारणपणे एम.ए.च्याच विषयात द्यायची असते, म्हणून मराठीच्या एम.ए.वर त्या रिलिजनवाल्या विषयात फॉर्म भरता येतो का ते आधी नियमात बघा, एम.ए.ला पंचावन्न टक्के आहेत ना? आणि पुण्याला आधी चौकशी करा की मराठीतल्या एम.ए.ची काही सूट पहिल्या टप्प्यात मिळते का.

---

रुथ_परभणी

मी पण संसारी, दोन लेकरं, थिऑलॉजीचा डिप्लोमा केलाय. ताई, माझं एकच म्हणणं आहे. तुम्ही मराठीच्या आहात ते सोडू नका. फादर स्टीफन्सनी १६१६ ला गोव्यात रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं, अकरा हजारांच्या घरात ओव्या, इंग्लंडमधी जन्मलेला माणूस आणि मराठीत आख्खी तारणाची कथा सांगितली. आपल्या धाराशिवला २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो होते, ज्यांनी मराठीत सुबोध बायबल दिलं. मधल्या चारशे वर्षांत मराठीत थिऑलॉजी किती लिहिली गेली? आमच्या पॅरिशच्या कपाटात बघा, इंग्रजी पुस्तकं तीन फळ्या, मराठी एक, त्यात पण बहुतेक प्रार्थनापुस्तकं. थीसिस इंग्रजीत द्यावी लागेल, द्या. पण हरेगावातल्या मुलाखती मराठीत जशा बोलल्या तशा परिशिष्टात ठेवा, आणि नंतर मराठीत पुस्तक काढा. त्या अंबडच्या बाईला तिच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवता आलं पाहिजे.

---

बेथेल_जालना

रुथबाईंशी शंभर टक्के सहमत.

---

सिस्टर_रोमहून

+१. आणि पैशाचं राहिलं. साध्या विश्वासी माणसाला स्कॉलरशिप मिळायला अवघड जाते हे खरं आहे, कारण सिस्टर-फादरांचा खर्च त्यांची संस्था नाहीतर धर्मप्रांत करतो. पण बिशपांचं पत्र असेल तर युरोपातल्या मिशनच्या संस्था विचार करतात. बेल्जियममधलं लुवेन पण बघून ठेवा पुढच्या टप्प्याला, तिथं थिऑलॉजीची फॅकल्टी १४३२ पासून आहे, इंग्रजीत शिकवतात आणि विद्यापीठाची पीएच.डी. आणि चर्चची पदवी दोन्हींचा रस्ता तिथं आहे. @गोदातीर दादांची नोकरीवाली शंका त्यानं निम्मी मिटते.

---

नारंगीकाठ

सगळ्यांचं परत परत वाचलं, भावाला पण मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणला नऊ-दहा वर्षं तासिकाच करत बसणार असशील तर त्यापेक्षा हे कर. आई काही बोलली नाही, पण तिनं विचारलं पुण्याला राहायची सोय कुठं होईल, म्हणजे तिचा नकार नाही असं मी धरायले.

माझं असं ठरलंय. नेटचा फॉर्म रिलिजनच्या विषयात भरता येतो का ते बघते. ह्या रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना भेटून बिशपांच्या पत्राचं बोलते. ज्ञानदीपला लिहून विचारते की मराठीच्या एम.ए.वाल्याला फिलॉसॉफीचा भाग कसा पुरा करता येईल. आणि वेलांकनीवालं पत्र शोधून वाचते, ते तर आजच.

एक राहिलं. फादर, अर्जासोबत विषयाचं टिपण आत्ताच द्यावं का? बॅचलरलाच जायचंय तर ते कुणी वाचेल का?

---

रामवाडीचा_जुना

मागत नाहीत, पण द्या. दोन पानांचं. फॉर्म सगळ्यांचे सारखे असतात, टिपण वाचून एखादा प्राध्यापक तुम्हाला पहिल्याच वर्षी ओळखायला लागेल आणि डॉक्टरेटचा गाइड बहुतेक वेळा असाच मिळतो. सोबत बाप्तिस्म्याचा आणि कन्फर्मेशनचा (दृढीकरणाचा) दाखला, पॅरिश प्रीस्टचं पत्र, दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका. बाप्तिस्म्याचा दाखला ताजा काढून घ्या, घरातला जुना पिवळा पडलेला चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला मागतात बऱ्याच ठिकाणी.

---

रुथ_परभणी

टिपण मराठीत लिहा आधी, मग इंग्रजी करा. व्यनि करा मला, दोन्ही बघून देते.